तारा उतरवाव्यात

९ जानेवारी १९७२, रविवार. केडगाव.

आज सोनवणे येऊन गेले. मामा नगरच्या ज्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत असे, त्याचे हे व्यवस्थापक. दोन वर्षांत प्रथमच आमच्याकडे आले. चहा घेतला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग पलंगाखालच्या गिटारच्या काळ्या पेटीकडे न पाहता पेटीविषयी बोलू लागले.

"मास्तर, वाद्य नुसतं पडून राहिलं की मरतं. आमच्याकडे नवा वादक आलाय. हात बरा आहे त्याचा."

मामा म्हणाला, "न्या की."

एवढेच. जणू शेजारचे कुणी शिडी मागायला आले होते.

पेटी सायकलवर मावेना, म्हणून आज राहिली. महिनाअखेरच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाले. म्हणजे ३० तारीख. तीन आठवडे.

ते गेल्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वसंता, विचार तरी करायचास." मामाने डावा हात वर करून दाखवला. मनगट वाकडे जुळले आहे. संगमनेरहून परतताना ऑर्केस्ट्राची गाडी उलटली, त्याला आता दोन वर्षे होतील. अनामिका आणि करंगळी वाकतात, पण दाबत नाहीत. तेव्हापासून पेटी पलंगाखाली, आणि मामा लाकडाच्या वखारीत.

आई पुढे बोलली नाही. मीही नाही. मी तर बोलतच नाही.

१० जाने., सोम.

कॉलेजला दुपारून जायचे होते. मामा वखारीत गेल्यावर पेटी ओढून काढली. हात लावू की नको, असे करीत बराच वेळ बसले, मग उघडली.

आत तोच वास: मखमल, लोखंड, आणि थोडी मुंबई. गिटार पूर्वी होती तशीच, लाल-तपकिरी. तारांच्या मुळाशी ती वाकडी दांडी. दांडी दाबली की सूर पाण्यातल्या सावलीसारखा हलतो. दांडीच्या खाली पत्र्यात एक इवलीशी सरकती कळ आहे. लहानपणी मी तिला हात लावला की मामा म्हणायचा, "ए, ते कुलूप आहे. चोर येतील."

पेटीच्या झाकणातल्या खिशात एक पुस्तिका सापडली. सोळा पाने, इंग्रजी, आकृत्यांसह. कडा उंदराने खाल्लेल्या, पण मजकूर शाबूत.

मामाला ती कधी वाचता आली नाही. त्याचे इंग्रजी म्हणजे मुंबईच्या स्टुडिओतले: रेडी, टेक, वन्स मोअर.

मला वाचता येईल. शब्दकोशाने.

११ जाने.

आज काहीच वाचून झाले नाही. पुणतांबे आठवत राहिले.

मी सात-आठ वर्षांची असेन. मे महिन्यात आजोळी जमायचो. मामा मुंबईहून चार दिवसांसाठी यायचा, आणि संध्याकाळी आम्ही दोघे घाटाच्या पायऱ्यांवर. तेव्हा ही गिटार नव्हती, साधीच होती. गोदावरीला पाणी घोट्याएवढे. पलीकडे कुणी गुरे धुत असे. मामा एकच धून वाजवी, त्याची स्वतःची, नाव नसलेली. मी तिला 'घाटावरची' म्हणत असे. मध्ये एका ठिकाणी ती एक पायरी वर चढते आणि तेथे थांबून खाली पाहते, असे मला वाटे. त्या जागी मी दर वेळी श्वास रोखायची.

मग तो परत जाई, आणि मला पोस्टकार्डे येत. "चि. सुलभा हिस मामाचे आशीर्वाद. आमच्या खोलीतला पंखा काळी दोनमध्ये फिरतो. अभ्यास कर." इतकेच. दर कार्डात मुंबईतला एक आवाज आणि "अभ्यास कर". एकतीस कार्डे आहेत. बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहेत.

मी अभ्यास केला. शाळेत दर वर्षी पहिली आले. मामा वाजवायचा थांबला. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण आज ती शेजारी शेजारी लिहिली गेली.

१३ जाने., गुरुवार.

तीन पाने झाली. आजचे शब्द:

नेक – मान. बॉडी – देह. ब्रिज – पूल. सॅडल – खोगीर. नट – कठीण कवचाचे फळ. ट्रेमोलो – शब्दकोशात नाही. ॲक्शन – कृती, लढाई, फिर्याद.

वाद्याचे वर्णन वाचते आहे की घोडेस्वाराचे, हे कळेना. रात्री जेवताना धीर करून मामाला विचारले, "तारांच्या खाली तो पूल आहे ना, खोगिरांचा..."

मामाचा घास हातातच राहिला. "खोगिरांचा पूल?"

"म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात ते."

"घोडी म्हणतात तिला. सतारीला असते तशी घोडी." आणि हसला. किती दिवसांनी. "पंडितीणबाई, दोन तास कोश उलटलास त्यापेक्षा मला विचारायचंस."

दोन तास नाही, चार.

पण खरी गोष्ट निराळीच. पुढची पाने चाळताना सातव्या पानावर एक परिच्छेद दिसला. बोटे लवकर थकत असतील, किंवा तार दाबायला जोर लागत असेल, तर करायचा उपाय. दोनदा वाचला. दार लावून घेऊन तिसऱ्यांदा वाचला.

दुबळ्या बोटांसाठीच लिहिलेला परिच्छेद. इतकी वर्षे झाकणाच्या खिशात होता.

१४ जाने.

मामाला सांगितले. त्याने पेटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "फ्रान्सिसची गिटार ही. स्टुडिओत माझ्या शेजारी वाजवायचा. तो आगबोटीने परदेशी गेला तेव्हा मला देऊन गेला. त्याचे हात सुताराचे. त्याने जशी लावली तशीच मी वाजवली."

"मग बदलून पाहायची?"

"तुझं पुस्तक काय म्हणतं?"

फुलस्केपवर स्वच्छ अक्षरात भाषांतर केले. वळणदार, समासाला जागा सोडून. पहिली ओळ: *बोटांना श्रम होत असल्यास प्रथम तारा उतरवाव्यात.* दुसऱ्या ओळीत 'फ्रेट्स' हा शब्द होता. कोशात: कुरकुरणे, चिडणे, झिजणे. तारा कुरकुरीच्या जवळ येईपर्यंत, असे काहीसे. ती सावधगिरीची सूचना असावी असे समजून गाळली. तिसऱ्या ओळीपासून स्क्रूंविषयी होते.

कागद पेटीवर ठेवला. वर दौत ठेवली, उडू नये म्हणून.

१५ जाने., शनि.

लिहिण्याची इच्छा नाही. पण लिहिले पाहिजे.

कॉलेजातून आले तर मामा मधल्या खोलीत जमिनीवर बसलेला. गिटार मांडीवर. सगळ्या तारा सैल, केसांसारख्या लोंबत, दोन तुटलेल्या. घोडी देहावर नाहीच. ती बाजूला वर्तमानपत्रावर, आडवी.

"तू लिहिलं होतंस ना, तारा उतरवाव्यात. उतरवल्या." आवाजात राग नव्हता, हेच अवघड. "सगळ्या सैल झाल्या, आणि घोडी हातातच आली. तिला धरून ठेवणारं काही नव्हतंच, बघ. नुसता तारांचा दाब. परत बसवली, परत चढवायला गेलो, तर पहिली तुटली. मग दुसरी. गंजल्या होत्या."

मी कागद पाहिला. 'तारा उतरवाव्यात.' वाजवणारा माणूस याचा एकच अर्थ घेणार: सैल कराव्यात, काढाव्यात. मी लिहिताना काय समजत होते? काहीच नाही. 'लोअर' ला 'उतरवणे' असा शब्द सुचला. तो मराठीत शोभला, म्हणून ठेवला.

मामा म्हणाला, "फ्रान्सिसने बजावलं होतं, एका वेळी एकच तार सोडायची, सगळ्या कधी सोडू नकोस. का ते नव्हतं सांगितलं. माझ्या मनात आलं होतं ते. पण म्हटलं, छापील पुस्तक आहे, आणि सुलूने वाचलंय."

सुलूने वाचलंय.

शाळेत भाषांतराला मला पैकीच्या पैकी गुण मिळत.

१६ जाने.

मामाने घोडी, तारांचे तुकडे, सगळे रुमालात बांधून पेटीत ठेवले. पेटी पलंगाखाली. "आहे तशी देऊ सोनवण्यांना. त्यांच्याकडे माणसं आहेत बसवणारी."

आई हळदीकुंकवाला चार घरी जाऊन आली. मला बरोबर नेत होती, गेले नाही.

१७ जाने.

नाही.

१८ जाने., मंगळ.

आज एक गोष्ट केली, जी मी करीन असे मला वाटले नव्हते.

वर्गात हजेरीच्या 'येस सर' पलीकडे मी कधी बोललेले नाही. सक्तीच्या इंग्रजीचे सर म्हणजे तर मुले-मुली सगळीच त्यांना वचकून. आज तास संपल्यावर प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. दोन जण आत गेले, तिघे बाहेर आले. शिपाई म्हणाला, "बाई, दार अडतंय."

सरांनीच पाहिले. पुस्तिका पुढे केली. काय विचारायचे ते पाठ केले होते, ते सगळे गेले. नुसते बोट ठेवले.

सरांनी परिच्छेद वाचला. चष्मा काढला. "हे 'लोअर' स्वराबद्दल आहे की जागेबद्दल?"

"तेच विचारायचं होतं."

"पुढची ओळ वाचलीत?"

"ती... गाळली."

"गाळलीत." रागावले नाहीत. "क्रियापद एकटं वाचू नये. ते काय करायला सांगतंय हे पुढचे शब्द सांगतात. तारा फ्रेट्सच्या जवळ येईपर्यंत. म्हणजे अंतराची गोष्ट आहे. फ्रेट म्हणजे वाद्यावर नेमकं काय, ते मलाही नाही सांगता येणार. वाद्य समोर ठेवून वाचा."

घरी आल्यावर मामाला विचारले. मानेवरच्या त्या पितळी पट्ट्या. सतारीला पडदे, तशा.

म्हणजे: तारा पट्ट्यांच्या जवळ येतील इतक्या *खाली आणाव्यात*. सैल न करता. घोडी बुटकी करून.

एक शब्द. 'उतरवाव्यात' ऐवजी 'खाली आणाव्यात'. त्या एका शब्दासाठी दोन तारा आणि मामाचे ते हसणे.

मामाला सांगितले. तो वखारीचा सदरा काढीत होता. "बरं," म्हणाला. आणि जेवायला बसला.

१९ जाने.

मामा ऐकत नाही. "सुलू, पुरे आता." अकरा दिवस उरले.

शेजारच्या जगतापकाकांकडे गेले. लष्कराच्या वर्कशॉपात तीस वर्षे फिटर होते, मूळचे तिसगावचे. नजर अधू झाली म्हणून घरी बसून सायकली आणि स्टोव्ह दुरुस्त करतात. रुमाल घेऊन गेले, पुस्तिकाही.

काकांनी पुस्तिका हातात घेतली, उलटी-सुलटी केली, परत दिली. "आन ती घोडी हिकडं."

घोडीला खालून दोन पाय आहेत. त्यांनी डोळ्याजवळ धरले, मग डोळे मिटून बोटाने चाचपले. "ह्ये बघ. पायाच्या आतून इस्क्रू हाय. टोक भाईर आलंय. ह्यो आत घेतला की घोडी खाली बसती, भाईर काढला की वर चढती. न्हाई का?"

सातव्या पानावरची आकृती. तीच. मी चार तास कोश उघडला होता.

"काका, तुम्ही पुस्तक वाचलंच नाही."

"यंत्राला इंग्रजी येत न्हाई, बाई. वजन कुठं पडतंय, ते बघायचं." मग जरा वेळाने, "पर तू वाचलं नसतं तर त्या पायाकडं कुनी बघितलं असतं? मास्तर न्हाई बघनार. त्यो वाजवतो."

किल्ली मात्र नाही. स्क्रूच्या डोक्यात सहा कोनांचे बारीक भोक आहे. तिथे बसणारी सहाकोनी किल्ली हवी. मूळची फ्रान्सिसच्या काळातच हरवली असणार. काकांकडे आहेत त्या सगळ्या मोठ्या. "इंची माप हाय. नगरात न्हाई घावायची. पोलादाची बारीक सळी आन. करू."

२० जाने.

पोलादाची बारीक सळी माझ्याकडे आहे. विणकामाची सुई.

दोन सुयांवर मामाचा स्वेटर चढलेला आहे, पाठ झाली, पुढचा भाग अर्धा. एक सुई मोकळी करून टाके दुसरीवर घेतले. आई पाहत होती. "आता विणणार कशावर?"

"नंतर."

"थंडी संपेल तुझ्या नंतरपर्यंत."

काकांनी सुईचे टोक कानशीने घासले. सहा बाजू, डोळ्यांनी नाही, अंगठ्याने मोजीत. दर दोन-तीन घासांनंतर घोडीच्या भोकात घालून पाहायचे. "न्हाई. अजून." एक तास गेला. मग स्टोव्हवर मधोमध तापवून लाल केली, चिमट्याने काटकोनात वाकवली, आणि तेलात. चर्र झाले.

घोडीच्या भोकात टोक गेले आणि टिच्‌ असे बसले. काका म्हणाले, "बसली. आता ही जगात एकच हाय."

२२ जाने., शनि.

तारा. पहिल्या दोन बारीक, नुसत्या पोलादाच्या. गिटारच्या तारा नगरमध्ये नाहीत, पण वाद्यांच्या दुकानात सतारीची तार मिळाली. दुकानात स्वतः गेले, स्वतः बोलले. दुकानदाराने विचारले, "सतार शिकता का?" "नाही." "मग?" "गिटार आहे." तो आत जाऊन बायकोला घेऊन आला, मला दाखवायला.

तारेच्या टोकाला अडकायला गाठ लागते. आईने शिवणाच्या डब्यातून दोन पितळी मणी काढून दिले, न विचारता.

मामाला अजून काही सांगितलेले नाही. पेटी काकांकडे नेली तेव्हा त्याने पाहिले, अडवले नाही. दारातून बाजूला झाला.

२३ जाने., रवि.

घोडी बसवली, तारा चढवल्या, एकेक, हळूहळू. काकांनी घोडी सरळ धरली, मी खुंट्या फिरवल्या. सुरात लावायला माणूस पाहिजे. तो भिंतीपलीकडे होता.

काका मोठ्याने म्हणाले, "मास्तर, ह्यो सूर हाय का कोंबडी?"

तीनदा म्हणाले. चौथ्यांदा मामा आला. उंबऱ्यात उभा राहूनच म्हणाला, "तिसरी उतरलीय. चढव. अजून. अजून. बस." मग आत आला. मग बसला.

दांडीखालची ती कळ त्याने नखाने पुढे सरकवली. मी विचारले, कुलूप कशाला?

"चोरांसाठी नाही. दांडी स्प्रिंगवर असते. एक तार तुटली की बाकीच्या सगळ्या बेसूर होतात. ही लावून ठेवली, तर एक तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतात." जरा थांबून, "दोन तुटल्या तरी."

काकांनी मान खाली घालून कानशी पुसली.

आता माप. बाराव्या पट्टीपाशी तार किती उंच आहे ते मोजायचे, आणि चार-चार आणे किल्ली फिरवून खाली आणायचे. चार आणे म्हणजे पाव फेरा, हे आज कळले. मोजायला काय घ्यायचे? काकांची मापाची पाती सगळी गंजून एकमेकांना चिकटलेली. मी घरी पळाले आणि बिस्किटांचा डबा आणला.

पोस्टकार्डे पट्टीवर एकावर एक रचून तारेखाली सरकवली. बारा कार्डे. बारावे तारेला टेकले.

मामाने वरचे कार्ड उचलले. वाचले. "समोरच्या इमारतीत कुणी तरी रोज पहाटे खलबत्त्यात काही कुटतो. ठोका चुकत नाही. अभ्यास कर." दुसरे वाचले. तिसरे. "ही सगळी ठेवलीस?"

मी मान हलवली.

"मी असलं काय काय लिहायचो," म्हणाला, आणि कार्डे परत रचून, कडा जुळवून माझ्या हातात दिली. "चल. चार आणे उलट."

किल्ली मीच फिरवली. मामाचा डावा हात धरू शकत नाही, काकांना भोक दिसत नाही. अकरा कार्डे. दहा. नऊ. दर वेळी मामा पुन्हा सूर लावी, आणि अनामिका तारेवर ठेवून दाबून पाही. प्रत्येक वेळी तार नुसती गुदमरल्यासारखी ठक्क वाजे. आठ कार्डांना किंचित सूर.

पाच कार्डांपर्यंत गेलो तर सगळ्याच तारा पट्ट्यांना घासून झणझणू लागल्या. "पत्र्यावर माशी," मामा म्हणाला. "लई खाली झालं," काका म्हणाले. परत वर. सहा. सात.

सातवर थांबलो. सूर स्वच्छ. अनामिका दाबली जाते, पण दोन मोजेपर्यंतच. मग सुटते.

इतकी खाली येऊनही आवाज फार बारीक. पोकळ देह नाही, आणि आवाज मोठा करणारा तिचा विजेचा डबा कधीच विकला गेला. ऐकायला कान जवळ न्यावा लागतो. घाटावर मी इतकीच जवळ बसत असे.

२५ जाने.

रोज संध्याकाळी अर्धा तास. मामा दार लोटून घेतो. काल त्याने गिटारचे डोके लाकडी कपाटाला टेकवले, आणि कपाट वाजू लागले. सगळे कपाट, आतल्या ताटल्यांसकट. आई पीठ मळता मळता हात तसेच घेऊन बाहेर आली.

"वसंता, माझी भांडी का रडवतोयस?"

"सुरात आहेत की."

"आहेत," आई म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली. पीठ वाळेपर्यंत बसून होती.

२७ जाने.

ती 'घाटावरची' आहे. त्याने नाव घेतले नाही, मीही नाही. सुरुवात होते, दांडी हलते, गोदावरीचे घोट्याएवढे पाणी येते. मग ती पायरी चढण्याची जागा. तेथे अनामिकेने दाबून धरावे लागते, चारपर्यंत. ती तेथे सुटते. मामा पुन्हा पहिल्यापासून.

आज अकरा वेळा. मी भिंतीच्या अलीकडे अकराही वेळा श्वास रोखला.

२९ जाने., शनि.

मामाने जेवताना विचारले, "सोनवणे किती वाजता येतो म्हणाले होते?"

"सकाळी."

"हं."

आई म्हणाली, "नको देऊस, असं सांग की."

"शब्द दिलाय, अक्का."

"शब्द काय, 'न्या की', एवढाच दिलास. त्यात दिलं कुठं आहे? उचला म्हणालास."

मामा हसला, आणि ताट उचलून गेला. मला झोप नाही. मी 'न्या की' चा आज्ञार्थ, अनुज्ञा, उपेक्षा असे तीन अर्थ लावून पाहिले. सर म्हणाले होते, पुढचे शब्द पाहा. पुढचे शब्द उद्या.

३० जाने., रवि.

सोनवणे दहाला आले. टेम्पो रस्त्यात उभा.

मामाने पेटी स्वतः बाहेर काढली, पलंगावर ठेवली, उघडली. सोनवण्यांनी तारेवरून अंगठा फिरवला, मग बाराव्या पट्टीपाशी वाकून पाहिले. जाणते आहेत. "मास्तर, ही खाली घेतलीय. कुणी?"

मामाने माझ्याकडे मान केली. मला वाटले जमीन दुभंगावी, पण ती दुभंगली नाही, आणि मी उभीच राहिले. म्हणाले, "पुस्तकात होतं. आधी चुकलं."

"आमच्या वादकाला एवढी खाली नाही चालायची. हात जड आहे त्याचा. वर घ्यावी लागेल."

"घ्या ना," मामा म्हणाला. "किल्ली तिच्याकडे आहे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. किल्ली सुयांच्या पिशवीत, माझ्या हातात होती. मी दिली नाही. दिली नाही असेही नाही. हात पुढे झालाच नाही. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

सोनवणे म्हणाले, "मास्तर, वाजवून दाखवा बरं."

"होत नाही अजून."

"अजून?" त्यांनी तो शब्द उचलला. मीही उचलला होता. "मग पुढच्या महिन्यात येतो. तोवर नव्या वादकाला साधी देतो." उंबऱ्यात वळले. "शनिवारी तालमीला येऊन बसा. नुसतं बसा."

मामा म्हणाला, "बघू."

टेम्पो गेला. आईने तीन कप उचलले.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे कपाट वाजू लागले. आज दार लोटलेले नव्हते. पाणी, पायऱ्या, मग ती जागा. एक, दोन, तीन, आणि सुटली. तीन. काल दोन होती. मी मोजण्यात चुकले नसेन अशी आशा आहे.

मामाने वर पाहिले नाही. उजवा हात माझ्या दिशेने पसरला, तळवा वर.

"किल्ली. सहा कार्डं करून बघू. झणझणलं तर झणझणलं."

मी किल्ली दिली, आणि डबा आणायला उठले.